‘जर्मन’ : एका विशेषणाची तळटीप

पुण्यात जर्मन भाषा शिकविणाऱ्या एका अनुवादिकेने पाउल त्सेलानच्या आरंभीच्या कवितांचा मराठी अनुवाद करावयास घेतला, तेव्हा तिची अडचण जेथे व्हावी असे कोणालाही वाटले असते तेथे झाली नाही. पुढच्या काळातील त्सेलानची दुर्बोधता या कवितांत नाही. वृत्त सरळ आहे, यमके ठसठशीत आहेत, प्रतिमा ओळखीच्या आहेत. अडचण आली ती १९४४ मध्ये लिहिलेल्या ‘नेहे डेर ग्रेबर’ म्हणजे ‘थडग्यांचे सान्निध्य’ या कवितेच्या अखेरीस. येथे कवी मृत आईला एकामागून एक प्रश्न विचारतो आणि शेवटच्या प्रश्नात ‘यमक’ या नामाला तीन विशेषणे लागतात. पहिले आणि तिसरे मराठीत विनासायास उतरते. मधले विशेषण आहे ‘डॉइच’, म्हणजेच ‘जर्मन’. कोशाच्या दृष्टीने यात प्रश्नच उद्भवत नाही. इतका निर्विवाद प्रतिशब्द क्वचितच मिळतो. तरीही कवितेचा अनुवाद एका आठवड्यात संपला आणि या एका विशेषणावरची तळटीप मात्र दोन वर्षे वाढत राहिली.

अडचणीचे मूळ स्वयंपाकघरात होते. निदान गेल्या दोन पिढ्यांपर्यंत मराठी कानाला ‘जर्मन’ हा शब्द प्रथम भेटे तो भूगोलाच्या पुस्तकात नव्हे, तर फडताळात आणि मांडणीवर. जर्मनचे पातेले, जर्मनचा डबा, जर्मनची परात. बोलीत त्याचेच ‘जर्मल’ होते. आंबट पदार्थ जर्मनच्या भांड्यात ठेवू नये, पितळेला कल्हई लागते तशी जर्मनला लागत नाही, जर्मन पटकन तापते आणि लवकर पोचे पडतात, अशी या धातूविषयीची सर्व माहिती घरोघर मुलींना मिळत असे. जर्मनी नावाचा देश आहे हे त्यांपैकी अनेकींना त्यानंतर कळले असेल, काहींना कळलेही नसेल. अनुवादिकेच्या साताऱ्याच्या घरी असे एक दूध तापविण्याचे पातेले होते आणि तिच्या आईच्या लेखी ‘जर्मन’ या शब्दाचा अर्थ त्या पातेल्यापाशी सुरू होऊन तेथेच संपत असे.

हे भांडे अर्थातच ॲल्युमिनियमचे. त्याचा जर्मनीशी संबंध शोधू गेल्यास हाती फारसे लागत नाही. डेन्मार्कच्या ओर्स्टेडने १८२५ मध्ये हा धातू वेगळा केला. दोन वर्षांनी जर्मन रसायनज्ञ व्होलर याने तो अधिक शुद्ध रूपात मिळविला हे खरे. पण तो स्वस्त झाला तो १८८६ मध्ये अमेरिकेत हॉल आणि फ्रान्समध्ये एरू यांनी एकमेकांच्या नकळत शोधलेल्या विद्युत्-प्रक्रियेमुळे. हिंदुस्थानात ॲल्युमिनियमची भांडी घडविण्याचा उद्योग १८९८ मध्ये मद्रासला आल्फ्रेड चॅटर्टन या इंग्रज अधिकाऱ्याने सुरू केला. मग नाव कोठून आले? ते आधीच्या एका धातूचे असणार. तांबे, जस्त आणि निकेल यांच्या मिश्रणाने चांदीसारखी दिसणारी, पण चांदीचा अंशही नसलेली मिश्रधातू चीनमध्ये फार पूर्वीपासून होती. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जर्मनीतील कारागिरांनी ती घडविली आणि इंग्रजांनी तिला ‘जर्मन सिल्व्हर’ म्हटले. बाजारात या नावातील ‘सिल्व्हर’ गळून पडले आणि ‘जर्मन’ उरले. पुढे तिच्यासारखाच पांढरा आणि तिच्याहून स्वस्त धातू आला तेव्हा ते नाव त्याच्या अंगावर गेले. गंमत अशी की, खुद्द जर्मन भाषेत या मिश्रधातूला ‘नॉयझिल्बर’, म्हणजे ‘नवी चांदी’ म्हणतात. जर्मनांना ती नवी वाटली. इंग्रजांना ती जर्मन, म्हणजे खरी नव्हे अशी, वाटली.

देशनामाचे वस्तुनाम होणे ही भाषेतील नित्याची घटना आहे. मोसंबीत मोझांबिक आहे, चिनी मातीच्या बरणीत चीन आहे, आणि ‘विलायती’ या एका शब्दाने तर चिंचेपासून कौलापर्यंत काहीही परके ठरविता येते. तमिळमध्ये ‘एम्डन’ हा शब्द धूर्त व जबरदस्त माणसासाठी रूढ झाला, कारण २२ सप्टेंबर १९१४ च्या रात्री त्या नावाच्या जर्मन युद्धनौकेने मद्रासवर तोफा डागल्या. अशा शब्दांत चिन्ह आणि चिन्हित यांचा संबंध किती यादृच्छिक असतो हे सोस्यूरच्या आधारे वर्गात सांगता येते आणि विद्यार्थी ते उतरवूनही घेतात. परंतु अनुवाद करणाऱ्याला यादृच्छिकतेचा सिद्धांत पुरत नाही. ‘जर्मन यमक’ हे शब्द वाचताना मराठी वाचकाच्या मनात कोठेतरी पोचे पडलेले भांडे वाजणार असेल, तर त्या आवाजाचे काय करायचे हा त्याच्यापुढचा प्रश्न असतो.

तेव्हा तिने पर्याय शोधण्यास आरंभ केला.

पहिला पर्याय ‘डॉइच’ हा शब्दच मराठीत ठेवणे. तो तिने लगेच टाकला. परका शब्द जसाच्या तसा ठेवला की वाचक त्याच्यापुढे अदबीने उभा राहतो. कवितेत मात्र हे विशेषण अत्यंत घरगुती आहे. पण या निमित्ताने तिने शब्दाचे मूळ शोधले आणि तळटीप पहिल्यांदा पानाबाहेर गेली. ‘डॉइच’ हे मुळात कोणत्याही वंशाचे वा प्रदेशाचे नाव नाही. जुन्या जर्मानिक भाषांत ‘लोक’ या अर्थाच्या शब्दापासून ते बनले. त्याचा अर्थ ‘लोकांचे’, आणि व्यवहारात ‘लॅटिन नसलेले’. त्याच्या लॅटिनीकृत रूपाचा, ‘थिओडिस्कस’चा, सर्वात जुना लेखी निर्देश ७८६ सालचा मानतात. ओस्तियाच्या जॉर्ज नावाच्या बिशपने पोप हेड्रियनला पाठविलेल्या वृत्तान्तात, धर्मसभेचे निर्णय लॅटिनमध्ये आणि लोकभाषेत वाचून दाखविले गेले असा उल्लेख आहे. ही सभा भरली होती इंग्लंडमध्ये. म्हणजे ‘डॉइच’ या शब्दाच्या पहिल्या नोंदीत ज्या भाषेचा निर्देश आहे ती जर्मन नव्हे, जुनी इंग्रजी आहे.

मराठीच्या अभ्यासकाला येथे थांबावेच लागते. एका प्रतिष्ठित धर्मभाषेच्या विरोधात ‘लोकांची ती’ एवढ्याच ओळखीने उभी राहिलेली भाषा आपल्याला नवी नाही. संतकवींनी आपल्या भाषेला ‘मऱ्हाटी’ म्हटले, ‘देशी’ म्हटले आणि ‘प्राकृत’ही म्हटले. हे ‘प्राकृत’ व्याकरणकारांचे नव्हे. ते संस्कृत नसलेल्या बोलत्या भाषेचे नाव आहे. अर्थाच्या काटेकोर न्यायाने ‘डॉइच’ला मराठीत ‘प्राकृत’इतका जवळचा शब्द नाही. फरक पुढच्या इतिहासाचा. मराठीने ‘प्राकृत’ हे नाव यथावकाश टाकून दिले; जर्मनांनी तेच विशेषण ठेवले, त्यालाच भाषेचे, लोकांचे, देशाचे आणि शेवटी राज्याचे नाव केले. ‘प्राकृत यमक’ असे तिने एकदा लिहून पाहिले. हेमचंद्राचे व्याकरण डोळ्यांपुढे आले आणि तिने ते खोडले. ‘देशी यमक’ अधिक बरे वाटले; पण गेल्या काही दशकांत मराठी समीक्षेत ‘देशी’ या शब्दावर देशीवादाचे इतके मोठे निशाण रोवले गेले आहे की, कवितेतला मुलगा आईशी बोलतो आहे की परिसंवादात बोलतो आहे हे कळेनासे झाले असते. शिवाय ‘देशी’ या शब्दाचा दुकानाच्या पाटीवरचा अर्थ कसा विसरणार!

शेजाऱ्यांनी या लोकांना दिलेली नावे हा एक स्वतंत्र खजिना आहे. फ्रेंचांनी सीमेवरच्या एका टोळीवरून साऱ्या देशाला ‘आलमान्य’ म्हटले, फिनलंडच्या लोकांनी दुसऱ्या टोळीवरून ‘साक्सा’. इंग्रजांनी ‘डॉइच’चाच भाऊ असलेला ‘डच’ हा शब्द समुद्रापलीकडच्या हॉलंडकरांना देऊन टाकला. इटालियन भाषेत देशाचे नाव ‘जेर्मानिया’ आणि भाषेचे मात्र ‘तेदेस्को’, जे थेट त्या ‘थिओडिस्कस’पासून आले आहे. मॅक्सम्युलरच्या ऋग्वेदाच्या निमित्ताने संस्कृतात जर्मनीचा ‘शर्मण्यदेश’ झाला. ‘शर्मन्’ म्हणजे सुख, आश्रय. जर्मनीला मिळालेले सर्वात गोड नाव बहुधा हेच असावे आणि ते निव्वळ ध्वनिसाम्यातून आले आहे.

परंतु या साऱ्यांत अनुवादिकेच्या दृष्टीने खरे मोलाचे नाव स्लाव भाषांचे होते. पोलिश, रशियन, युक्रेनियन या सर्व भाषांत जर्मनाला जो शब्द आहे (‘न्येमेत्स’, ‘निमेत्स’ अशी त्याची रूपे) त्याचे मूळ ‘मुका’ या अर्थाच्या शब्दात आहे. ज्याचे बोलणे कळत नाही तो मुका. आपल्याकडील ‘म्लेच्छ’ या शब्दामागचा न्यायही हाच. तेथे अस्पष्ट बोलणारा, येथे न बोलणारा. अरबीत आजही ऑस्ट्रियाला ‘नम्सा’ म्हणतात, तो याच शब्दाचा प्रवासी अवशेष.

आता त्सेलानकडे पाहिले पाहिजे. त्याचा जन्म १९२० साली चेर्नोव्हित्सचा. १९१८ पर्यंत हे शहर ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होते, त्याच्या जन्माच्या वेळी रुमानियात होते, आज ते युक्रेनमध्ये आहे. आईबाप ज्यू. मुलाने हिब्रू शिकावे ही वडिलांची इच्छा. घरात शुद्ध, ग्रांथिक जर्मनच बोलली गेली पाहिजे हा आईचा आग्रह. ज्या देशात हे कुटुंब कधी राहिले नाही त्या देशाचे नाव लावणारी भाषा त्या घरात आईची भाषा होती. जून १९४२ मध्ये आईवडिलांना नीस्टर नदीपलीकडे नेण्यात आले. वडील त्याच वर्षी गेले. आईला त्या हिवाळ्यात बुग नदीपलीकडच्या छावणीत गोळी घालण्यात आली. त्या परिसरातील शेतकऱ्यांच्या युक्रेनियन भाषेत गोळी घालणाऱ्यांचे नाव होते ‘मुके’. आणि जिला गोळी घातली तिने आपल्या मुलाला कविता शिकविल्या होत्या त्या याच मुक्यांच्या भाषेतल्या.

‘मुके यमक’ असा अनुवाद करण्याचा मोह तिला झाला नाही असे नाही. तो काही दिवस टिकलाही. त्यात एक भयंकर नेमकेपणा होता. पण तो नेमकेपणा कवितेचा नव्हता, तळटीपेचा होता. कवीने आईला विचारताना शेजाऱ्याचा शब्द वापरलेला नाही. त्याने आईचा शब्द वापरला आहे. व्युत्पत्तीने शोधून काढलेला अर्थ कवितेच्या तोंडी घालणे हा विद्वत्तेचा एक जुना अपराध आहे आणि अनुवादकाच्या हातून तो जरा लवकर घडतो.

आणखी एका शब्दाने तिला असेच फसवू पाहिले. लॅटिनमध्ये ‘जर्मानुस’ हे विशेषण आहे; त्याचा अर्थ एकाच आईबापाचे, म्हणजे शुद्ध मराठीत ‘सख्खे’. स्पॅनिशमधील भावासाठीचा ‘एर्मानो’ हा शब्द त्यापासूनच आला. रोमनांनी ऱ्हाइनपलीकडच्या टोळ्यांना ‘जर्मानी’ म्हटले ते याच अर्थाने, हे अस्सल, सख्खे गॉल आहेत म्हणून, असे स्ट्राबो या ग्रीक भूगोलकाराने लिहून ठेवले आहे. ‘सख्खे यमक’! आईला विचारलेल्या प्रश्नात याहून सुंदर शब्द बसणार नाही. मात्र स्ट्राबोची ही व्युत्पत्ती आजचे भाषाशास्त्रज्ञ स्वीकारीत नाहीत. दोन शब्द दिसायला सारखे, नात्याने परके असावेत. म्हणजे ‘सख्खे’ हा अर्थच सख्खा नाही. अनुवादिकेने हे तळटीपेत नमूद केले, आणि मसुद्याच्या समासात ‘सख्खे’ पेन्सिलीने लिहून ठेवले ते कित्येक महिने पुसले नाही.

येथवरचा विचार शब्दांच्या उगमाचा झाला. १९४४ मध्ये या विशेषणाचे जे झाले होते त्याकडे वळल्यावर तळटीपेचा सूर बदलला. १९३५ च्या न्युर्नबर्ग कायद्यांनी नागरिकत्वाची कसोटी ‘जर्मन किंवा सजातीय रक्त’ अशी ठरविली. ‘लोकांची भाषा’ एवढाच ज्याचा अर्थ होता ते विशेषण रक्ताला लागले, आणि एकदा रक्ताला लागल्यावर ते भाषेवरून उलट दिशेने काढून घेता येऊ लागले : जर्मन बोलणारा, जर्मन लिहिणारा माणूस जर्मन नव्हे, असे म्हणता येऊ लागले. व्हिक्टर क्लेम्पेरर या ज्यू भाषाभ्यासकाने ड्रेस्डेनमध्ये जीव मुठीत धरून शब्दांच्या या रोगाच्या नोंदी ठेवल्या. त्यांचे पुस्तक १९४७ साली निघाले. बर्लिनच्या संसद-भवनाच्या दर्शनी भागावर ‘जर्मन लोकांस’ अशा अर्थाची अर्पणाक्षरे १९१६ मध्ये बसविली गेली. नेपोलियनविरुद्धच्या युद्धात हस्तगत केलेल्या फ्रेंच तोफांचा धातू त्यांसाठी वितळविला होता आणि अक्षरे ओतली ती लोव्ही या बर्लिनमधील ज्यू कुटुंबाच्या ओतशाळेने. पुढे नाझी राजवटीत या कुटुंबातील काही जणांची हत्या झाली. त्यांनी ओतलेली अक्षरे भिंतीवर आहेत. ज्या शब्दसमूहात ‘डॉइच’ आणि ‘फोल्क’ शेजारी उभे आहेत त्यात मुळात ‘लोकांचे लोक’ अशी द्विरुक्ती आहे, हे अक्षरे बसविणाऱ्या कोणाच्या ध्यानी आले असेल असे वाटत नाही. २००० साली हान्स हाके या कलावंताने त्याच इमारतीच्या चौकात ‘येथील रहिवाशांस’ अशा अर्थाची प्रतिस्पर्धी अक्षरे मांडली. त्यासाठी संसदेत वाद होऊन मतदान घ्यावे लागले. एका विशेषणाच्या अभावावर मतदान झाल्याची उदाहरणे फार नसावीत.

मराठीत हा घोटाळा एवढा होत नाही याचे एक कारण शब्दसंपत्तीचे आहे. आपल्याकडे भाषेला ‘मराठी’, प्रदेशाच्या रहिवाशाला ‘महाराष्ट्रीय’, समाजगटाला ‘मराठा’ असे तीन शब्द आहेत. जर्मनमध्ये या तिन्ही जागी ‘डॉइच’ एकटे उभे राहते. अर्थात या समाधानात फार काळ राहणे बरे नव्हे. राष्ट्रगीतातील ‘मराठा’ प्रदेशवाचक आहे. अठराव्या शतकातील परप्रांतीयांच्या लेखी तो सैन्यवाचक होता. आणि गोव्यात वा बडोद्यात मराठी लिहिणाऱ्याला महाराष्ट्रीय म्हणावे काय, हा प्रश्न आपणही अनेकदा सोयीने सोडविला आहे. ग्रंथालयांत काफ्का ‘जर्मन साहित्य’ या पाटीखाली असतो. प्रागचा ज्यू, आधी ऑस्ट्रियाचा आणि नंतर चेकोस्लोव्हाकियाचा नागरिक. समीक्षेत ‘जर्मन कादंबरीकार काफ्का’ असे लिहिताना आपण भाषेचे विशेषण माणसाला चिकटवितो. न्युर्नबर्गने माणसाचे विशेषण भाषेला चिकटविले होते. या दोन कृतींची तुलना अतिरेकी आहे हे उघड आहे, परंतु ‘जर्मन लेखक’ आणि ‘जर्मन भाषेतील लेखक’ यांत फरक करण्याचा आळस हा केवळ वर्गीकरणाचा आळस नव्हे. त्सेलानच्या बाबतीत तर तो अक्षम्य ठरतो. त्याने आयुष्याची शेवटची बावीस वर्षे पॅरिसमध्ये काढली, तो फ्रेंच नागरिक झाला, उत्तम फ्रेंच, रुमानियन, रशियन त्याला येत होती, आणि कविता मात्र त्याने जवळजवळ अखेरपर्यंत त्या एकाच भाषेत लिहिली. त्याची सर्वांत प्रसिद्ध कविता ‘टोडेसफूगे’ १९४७ मध्ये प्रथम छापली गेली ती रुमानियन अनुवादात; मूळ जर्मन संहिता नंतर आली. मूळ येण्याआधी अनुवाद येतो, अशा कवीच्या विशेषणाचा अनुवाद करताना कोणीही बिचकेल.

तळटीप एव्हाना कवितेच्या अनेकपट झाली होती. अनुवादिकेच्या ध्यानात एक व्याकरणिक गोष्ट त्यानंतर आली. खरे तर ती पहिल्या दिवशीच यावयास हवी होती. स्वयंपाकघरातील ‘जर्मन’ हे विशेषण नाहीच. ते द्रव्यवाचक नाम आहे. ‘पितळ’ जसे, तसे ‘जर्मन’. म्हणून ते नेहमी ‘-चा, -ची, -चे’ घेऊन येते : पितळेचे पातेले, जर्मनचे पातेले. ‘जर्मन पातेले’ असे कोणी म्हणत नाही. म्हटलेच तर ते जर्मनीत तयार झालेले पातेले होईल. उलट ‘जर्मन भाषा’, ‘जर्मन माणूस’ येथे प्रत्यय येत नाही. मराठीने एका अक्षराच्या प्रत्ययाने धातू आणि माणूस यांची वाटणी केव्हाच करून ठेवली आहे. ‘जर्मन यमक’ वाचताना भांडे वाजेल ही भीती म्हणूनच वाजवीपेक्षा मोठी होती. ती सर्वस्वी खोटी होती असे मात्र नव्हे. कान व्याकरण ऐकतो आणि व्याकरणाबाहेरचेही ऐकतो.

सुट्टीत ती साताऱ्याला गेली असता तिने आईला तो अनुवाद वाचून दाखविला. जिला जर्मन म्हणजे पातेले एवढेच ठाऊक त्या श्रोत्यावर तो शब्द कसा पडतो हे तपासावे, असा तिचा काहीसा प्रयोगशाळेतला हेतू होता. मसुद्यात त्या दिवशी ‘जर्मन यमक’ असेच होते. आईने सर्व ऐकून घेतले. जर्मन या शब्दापाशी ती अडली नाही, हसली नाही.

“त्याच्या आईला ती भाषा येत होती ना गं?” तिने विचारले.

“हो. तिनंच तर शिकवली होती त्याला.”

“मग तुला चालतं का असं विचारतो कशाला?”

अनुवादिकेने न्युर्नबर्ग, नीस्टर, बुग, छावणी असे काहीबाही सांगावयास सुरुवात केली. आईने मधेच, दुधाला कढ आलाय, बघून येते, असे म्हटले आणि ती आत गेली. परत आल्यावर म्हणाली, “ती मेल्यावर त्यानं तिच्या भाषेत लिहायचं थांबवलं नाही म्हणून विचारत असेल.”

पुण्याला परतल्यावर तिने ‘जर्मन’ कायम ठेवले, समासातले ‘सख्खे’ पुसले आणि तळटीप काढून टाकली. कवितेखाली आता लेखनाचे वर्ष तेवढे आहे.